खालच्या फळीवरचे कप

जेवायला माणसं येणार म्हणून वहिनीने कपाट उघडलं खरं, पण कपांपाशी येऊन तिचा हात अडला. वरच्या फळीवर तिच्या आईने लग्नात दिलेला निळ्या काठाचा सेट होता. तो पाहुण्यांसाठी निघायचा, धुऊन-पुसून परत वर जायचा, पण तिच्या नवऱ्याच्या, दादाच्या, हातात तो कधी पडला नव्हता. दादासाठी खालची फळी. तिथे बाजारातून आणलेला डागी माल रचलेला असे. एखाद्या कपाचा कान वाकडा, तर एखाद्याच्या काठाचा टवका उडालेला. राग आला की दादाच्या हातातली वस्तू भिंतीवर जायची. जायचीच असेल तर निदान स्वस्तातली जावी, असं वहिनीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि त्यात आजवर बदल झाला नव्हता.

बरं, हा माणूस धंद्याने काय, तर काच कापणारा! घराच्या पुढच्या भागात दुकान, मागे राहायची जागा. सात-सात फुटांच्या काचा या माणसाने एकट्याने पेलल्या, खिडक्यांना बसवल्या, तावदानं केली, आरसे केले. दुकानात त्याच्या हातून कधी काही तडकलं नाही. फुटायचं ते घरात. बाजारात त्याला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण त्याला ते आवडायचं.

आणि गेले चार महिने तोफ थंड होती.

ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या खिडक्या बसवायला गेला होता, तिथे हा प्रकार सुरू झाला. मदतनिसावर तो असा काही गरजला की आतले पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, बाहेर आले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "घरीसुद्धा असंच का हो?" दादा त्या दिवशी जेवला नाही. पुढच्या रविवारी उपासनेला जाऊन बसला, त्याच्या पुढच्याही. मग एकदा घरी येऊन वहिनीला म्हणाला, "माझं तारण झालं. प्रभूने मला वाचवलं." वहिनी पीठ मळत होती. तिने पिठाचे हात झटकत विचारलं, "चहा टाकू का?"

"वहिनी, अजून कपाटातच?" आत्या मागून आली. दादाची ही पाठची बहीण शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या नसतील तेव्हा तिचं बोलणं चालू. "काय गं, कुठल्या फळीवर अडलं घोडं?"

"वन्सं, तुम्हीच सांगा. आज यांना कुठला कप देऊ?"

आत्या दोन्ही फळ्यांकडे बघत राहिली. "ढीग कमी झालाय का खालचा?"

"एकही कमी नाही. रोज बघते मी. विश्वासच बसत नाही, म्हणून बघते."

"मला एक कळत नाही," आत्याने स्टूल ओढून बूड टेकलं. "बाप्तिस्मा तर आपला सगळ्यांचा पाळण्यात असतानाच झालाय. मोठ्या सणांना चर्चलाही जातो आपण. मग दादाला हे नवीन काय सापडलं, जे आपल्याला आजवर दिसलं नाही? मी त्याला विचारलं तर म्हणतो, अगं, मी नावाचा ख्रिस्ती होतो, आता प्रभूचा झालो. अरे म्हणजे काय? कापड तेच, शिंपी तोच, आणि अंगरखा एकदम नवा?"

"माणूस बदललाय हे तर खरं ना?"

"बदललाय की दबा धरून बसलाय, ते कळायला हवं. आपले आबा नव्हते का? दोन-दोन महिने गोडीत असायचे. आणि मग मी आणि दादा टेबलाखाली."

वहिनीलाही नेमकं हेच वाटत होतं. आज ठकी येणार होती. ठकी म्हणजे तिची एकुलती एक लेक, तीन वर्षांत या घराची पायरी न चढलेली. फोनवर ती म्हणाली होती, "आई, तू म्हणतेस म्हणून येते. पण बाळाला मी त्यांच्याकडे देणार नाही. मी नुसतं बघणार आहे. आणि ते एकदा जरी ओरडले ना, तर ती माझी शेवटची खेप." वहिनीने अजून नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं. फोटोत बघून बघून तिचे डोळे दुखायचे.

शेवटी तिने निळ्या काठाचे चार कप काढले. दादासाठी हात खालच्या फळीवर गेला. हिंमतच झाली नाही बिचारीची.

---

धाकटा आला तो तोंड पाडून. दादाचा हा भाऊ दुकानात त्याच्याबरोबरच राबायचा. दादा उपासनेहून परतायच्या आत तो स्वयंपाकघरात घुसला आणि दार लोटून म्हणाला, "वहिनी, माझं काही खरं नाही."

"काय झालं, भाऊजी?"

"तो मोठा आरसा. सलूनवाल्याचा, कोरीव चौकटीचा. उद्या सकाळी न्यायला येतोय तो. मी काल कापला."

"मग?"

"चौकटीच्या मापानेच कापला. पुरता."

आत्याने कपाळावर हात मारला. काचवाल्याच्या घरात वाढलेली ती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. काच नेहमी चौकटीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी कापायची, चारी बाजूंनी तिला जराशी मोकळीक हवी. चौकटीत घट्ट बसवली की उन्हाने, थंडीने, नाहीतर नुसत्या दार आपटल्याने ती एक दिवस आपोआप तडकते. आबांनी हे मुलांना चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

"अरे, इतकी वर्षं झाली तुला! विसरलास कसा?"

"आजवर मी लक्षात ठेवलंच कुठे?" धाकटा रडवेला झाला. "मी कापायला पट्टी लावली की मागून दादा ओरडायचा, 'दोन सूत सोड रे गाढवा!' की मी सोडायचो. चार महिने झाले, कुणी ओरडतच नाही. शांत उभा असतो, हसतो वर. काल कुणी ओरडलं नाही, म्हणून मला वाटलं, बरोबर आहे."

वहिनीला हसू आलं आणि भीतीही वाटली. "आज नका सांगू. हात जोडते, भाऊजी. ठकी जाईपर्यंत थांबा."

"उलट आजच सांग," आत्या म्हणाली. "जेवताना, तिच्यासमोर."

"वन्सं!"

"हे बघ वहिनी, मला काय हौस आहे? पण पोरगी बघायला येतेय ना, मग तिला खरं काय ते दिसू दे. आज सगळे गोड गोड बोललो, तिने बाळ त्याच्या हातात दिलं, आणि पुढच्या महिन्यात तोफ उडाली, तर? तेव्हा तू काय करशील?"

 धाकट्याने मनात निराळाच विचार केला. पाहुणी असताना दादा आवरून धरेल, आपली कातडी बचावेल. त्याने आत्याच्या बाजूने मान डोलावली. वहिनी एकटी पडली.

---

दार दादानेच उघडलं. ठकीने ठरवलं होतं की आधी त्यांच्या हातांकडे बघायचं, चेहऱ्याकडे नाही. हात तसेच होते, बोटांवर जुन्या कापल्याच्या रेघा. त्या हातांनी तिला घ्यायला पुढे व्हायला हवं होतं, निदान बाळाला. ते मागे झाले.

"ये," पप्पा म्हणाले आणि तिला वाट देऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

ती बुचकळ्यात पडली. तिने घरून येताना उत्तरं तयार करून आणली होती. "बाळ झोपलंय," "बाळाला नवी माणसं चालत नाहीत," अशी. कुणी विचारलंच नाही तर ती देणार कुणाला? आईने येऊन तिच्या गालांवरून हात फिरवला आणि भुवईवरच्या व्रणापाशी आल्यावर बोटं उचलली. आई नेहमी तसंच करायची.

टेबलाशी सगळे बसले. ठकीने खुर्ची दाराजवळची घेतली, बाळ मांडीवर. दादाने डोळे मिटून प्रार्थना केली. ती लांबली. धाकट्याने एक डोळा उघडला, तर समोर आत्याचाही एक डोळा उघडा. दोघांनी घाईने मिटले.

"पप्पा, एक विचारू?" ठकी जेवता जेवता म्हणाली. "तुम्हाला आता राग येतच नाही?"

वहिनीने घास ताटात परत ठेवला. दादा मात्र विचारात पडला, जणू हा प्रश्न त्यालाही कुणी विचारायला हवाच होता.

"येतो की. रोज येतो."

"मग करता काय?"

"मागच्या अंगणात जातो. प्रभूला सांगतो, बघ, आलाय. मला एकट्याला नाही आवरायचा, तू ये. मोठ्याने सांगतो, कारण हळू बोलायची मला सवय नाही."

"शेजारी मला विचारतात, दादाची तब्येत बरी आहे ना," आत्या म्हणाली. "भिंतीशी बोलतो म्हणे."

सगळे हसले. दादाही हसला. ठकीला आठवेना की या टेबलाशी सगळे एकदम कधी हसले होते. तिला हे सगळं फार नवलाचं वाटत होतं आणि त्या नवलाची भीतीही वाटत होती. हे टिकेल? उद्या, परवा, बाळ रांगायला लागल्यावर?

"आधी कसं व्हायचं?" तिने नेट धरून विचारलं.

"आधी राग यायचा आणि मी त्याच्याबरोबर निघून जायचो. परत यायचो तेव्हा सगळं फुटलेलं असायचं. कुणी फोडलं, असं वाटायचं."

वहिनीने चहा आणला. निळ्या काठाचे चार, आणि दादापुढे टवका उडालेला एक. आत्याने टेबलाखालून धाकट्याच्या पायावर पाय दिला.

"दादा," धाकटा म्हणाला आणि खाकरला. "तो सलूनचा आरसा. मी पुरता कापला. दोन सूत सोडले नाहीत."

दादाची मान लाल झाली. ती लाली वर चढत कानांपर्यंत गेली. हातातला कप टेबलापासून उचलला गेला.

"गाढवा!"

ती जुनी हाक होती, छातीतून आलेली, कपाटाच्या काचा थरथरवणारी. "सात फुटी आरसा! आबांनी..."

आणि तो थांबला, कारण त्याला दिसलं.

त्याला बायको दिसली. तिने एका हाताने निळ्या काठाची किटली छातीशी घेतली होती आणि दुसऱ्या हाताने दोन कप टेबलाच्या कडेवरून ओढून घेतले होते. इतक्या झटकन, की एक थेंब सांडला नव्हता. बहीण खुर्चीसकट मागे सरली होती. धाकट्याने डोकं खांद्यांत घालून उजवा कोपर वर धरला होता. आणि दाराजवळ ठकीने पूर्ण वाकून बाळावर पाठ धरली होती, तळहात बाळाच्या कपाळावर, भुवयांवर.

कुणी घाबरून ओरडलं नाही. प्रत्येकाला आपापली जागा पाठ होती. तीस वर्षं हे असंच चाललं असणार, आणि त्याने ते आज पहिल्यांदा पाहिलं. आजवर या क्षणी तो कधी घरात नव्हताच.

त्याने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या कपांकडे.

"माझाच कप वेगळा का आहे?"

वहिनीने आत्याकडे पाहिलं.

"मी विचारतोय. तुमच्या सगळ्यांचे निळ्या काठाचे. माझा हा."

"अहो, ते..." वहिनीने किटली छातीशी तशीच धरली होती. "तो खालच्या फळीवरचा आहे. तुमच्यासाठी मी वेगळे आणून ठेवते. म्हणजे फुटले तरी..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

दादाने कप खाली ठेवला. इतका सावकाश ठेवला की त्याचा आवाज आला नाही. चार महिने तो उपासनेत उठून साक्ष द्यायचा की प्रभूने माझा राग काढून घेतला. लोक डोळे पुसायचे. आणि घरात बायको रोज ढीग बघत होती, अजून किती शिल्लक आहेत ते.

"अगं, आपण टेबलाखाली बसायचो ना?" तो बहिणीला म्हणाला. "आबा चिडले की?"

"हो रे," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. खोड काढायला निघालेली ती आता दादाच्या बाजूला येऊन बसली.

"मला वाटायचं, मी तिथून बाहेर निघालो. मी निघालो, आणि यांना सगळ्यांना आत बसवलं." तो धाकट्याकडे वळला. "चूक माझी पण आहे. तुला कापायला शिकवलं नाही, नुसतं भ्यायला शिकवलं. माफ कर मला."

धाकट्याचा कोपर अजून वरच होता. तो त्याने ओशाळून खाली घेतला.

मग दादाने ठकीकडे पाहिलं. तिची पाठ सरळ झाली होती, पण हात बाळाच्या कपाळावरच होता.

"कप निसटला नव्हता," तो म्हणाला.

वहिनीने मान खाली घातली. या घरात तीन वर्षं एकच वाक्य बोललं जात होतं, कप हातातून निसटला आणि पोरीच्या भुवईला लागला. डॉक्टरांना तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच. तेव्हाच ठकीलाही तेच सांगू लागले, म्हणून ती घर सोडून गेली.

"मी फेकून मारला होता. तू समोर होतीस, मला दिसत होतीस, आणि मी मारला."

ठकीचे डोळे भरून आले. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला संताप येईल. झालं उलटंच. तीन वर्षं पाठीवर असलेलं काहीतरी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. "आई, ऐकलंस?"

"ऐकलं गं. मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ कर तू."

"पप्पा, तुम्ही आत्ता ओरडलात."

"हो."

"मी आईला सांगितलं होतं, एकदा जरी ओरडले तरी पुन्हा येणार नाही."

"मग तुझं बरोबर आहे, बाळा. थांब म्हणायला मला तोंड नाही."

तो एवढंच म्हणाला. विनवणी नाही, साक्ष नाही. ठकी त्याच्याकडे बघत राहिली. निघायला हवं होतं, पण एक प्रश्न तिला सुटेना.

"तारण झालं म्हणता ना? मग हे सगळं गेलं का नाही?"

"मलाही तेच वाटलं होतं, एका दिवसात धुऊन निघेल म्हणून." दादाने समोरच्या कपाचा टवका अंगठ्याने चाचपला. "पण त्याने मला पदरात घेतलं ते आहे तसंच. आणि आता एकेक दाखवतोय. आज हे दाखवलं. आणखी काय काय दाखवेल, देव जाणे. पण दाखवू दे. मला बघायचंय."

 बाळाने तेवढ्यात आत्याच्या चष्म्याकडे हात केला.

"त्या आरशाचं काय करणार?" ठकीने विचारलं.

"दोन सूत काढायला लागतील. काढायचा तुकडा काचेच्या जाडीएवढाच रुंद, जरा हललं की आरसा गेला." तो उठला. "बघतो."

"आज रविवार," आत्या म्हणाली. "रविवारी काम नाही म्हणाला होतास ना?"

"हे काम नाही गं. हे निस्तरणं आहे."

"मी येतो पट्टी धरायला," धाकटा म्हणाला. त्याचे हात बघून सगळ्यांना कळलं की ते आज कुठलीच पट्टी धरू शकणार नाहीत.

ठकी लहान असताना लांब काचेवरच्या पट्टीचं दुसरं टोक तीच धरायची. इतकी घट्ट धरायची की आबासुद्धा म्हणायचे, पोरीचा हात आहे की शिकंजा. ती खुर्चीवरून उठली. क्षणभर तिने बाळाकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, आणि मग बाळ आईच्या हातात दिलं.

"दुसरं टोक मी धरते," ती म्हणाली. "पण दोन सूत मी मोजणार. तुमच्या दोघांचा भरवसा नाही."

---

वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. नातू मांडीवर नव्हे, एकदम कडेवर! त्याचं वजन फोटोतून कधी कळलं नव्हतं. दुकानाचं दार लोटलेलं. आतलं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. काच कापताना लावायच्या रॉकेलच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दादाचा दबका आवाज, "हलू नकोस," आणि ठकीचा, "तुम्हीच हलू नका." मग काचेवरून हिऱ्याची कलम फिरल्याचा एका दमातला सरसर आवाज. मग काहीच नाही. वहिनी श्वास धरून थांबली.

कट्टदिशी काच तुटली.

तिचा तळहात आपोआप बाळाच्या कपाळावर गेला. डोळे मिटले. आता गर्जना येईल, आता भिंतीवर काहीतरी आदळेल.

"निघाली! पप्पा, सरळ निघाली!"

आणि त्यामागून त्याचं हसणं.

वहिनीने डोळे उघडले. बाळ तिच्या बोटांतून तिच्याकडेच बघत होतं. तिने हळूच तळहात उचलला. मग ती कपाटाशी गेली, दादाचा टवका उडालेला कप खालच्या फळीवरच्या ढिगाशेजारी ठेवला, आणि तो सगळा ढीग मागच्या दाराशी नेऊन ठेवला, कचऱ्याच्या डब्याजवळ. वरच्या फळीवरून निळ्या काठाचा आणखी एक कप काढला. बाळ कडेवर घेऊन एका हाताने पाचही कप भरायला वेळ लागला. ट्रे उचलून दुकानाच्या दारापर्यंत ती गेली आणि तिथे थबकली.

कप सगळे सारखेच होते. त्याचा कुठला, ते तिला सांगता येईना.